पन्नास हजार वेळा मेलेला नट

२०२५ च्या मार्चमध्ये जपानच्या अकादमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला तो एका भातशेती करणाऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला. यासुदा जुनइची हे त्यांचं नाव. पैसे पदरचे घातलेले, हाताशी मोजकी माणसं. ‘सामुराई टाइम स्लिपर’ हा त्यांचा चित्रपट २०२४ च्या ऑगस्टमध्ये तोक्योतल्या एकाच थिएटरात लागला आणि लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तो तीनशेहून जास्त थिएटरांत नेऊन पोचवला. गोष्ट अशी, की दीडशे वर्षांपूर्वीचा एक खराखुरा सामुराई वीज पडल्याचं निमित्त होऊन थेट आजच्या काळात येतो, तोही क्योतोतल्या एका फिल्म स्टुडिओत. परतीची वाट बंद. मग पोटापाण्यासाठी तो तिथंच काम धरतो. काम कसलं, तर सामुराईपटांत तलवारीचा वार खाऊन मरण्याचं.

चित्रपटाच्या शेवटी एका माणसाला आदरांजली वाहिलेली आहे. फुकुमोतो सेइझो.

आपल्याकडे हे नाव कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. जपानमध्येही कित्येक वर्षं लोकांना फक्त चेहरा माहीत होता: बसलेली गालफडं, खोल डोळे, कपाळावर आठी. हा माणूस पडद्यावर आला की दोन मिनिटांत मरणार हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. पुढे त्यांना ‘पन्नास हजार वेळा वार खाल्लेला माणूस’ म्हणू लागले.

मरणं हा आयुष्यभराचा पेशा कसा होऊ शकतो? त्यात कौशल्य ते काय? आणि अशा नटासाठी पुरस्कारप्राप्त चित्रपटाने हात का जोडावेत? हे नीट कळायचं तर जपानी चित्रपटधंद्याची रचनाच थोडी उलगडावी लागते.

आधी तीन शब्द

जिदाइगेकी म्हणजे जुन्या काळातल्या गोष्टी सांगणारे चित्रपट आणि मालिका. बहुतेकांचा काळ एदोचा, म्हणजे १६०३ ते १८६८. आपल्याकडे ‘ऐतिहासिक’ म्हणतो तसंच, पण इतिहासापेक्षा गोष्टीकडे जास्त कल असलेलं.

ताते म्हणजे त्यातली बसवलेली तलवारबाजी. ‘बसवलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. नाटक बसवतात, लेझीम बसवतात, तशी ही लढाई बसवतात. कोण कुठून येणार, कितव्या ठेक्यावर वार, कुणी कुठल्या बाजूला पडायचं, सगळं ठरलेलं. याचं मूळ काबुकी या जुन्या जपानी रंगभूमीवरच्या नाचासारख्या लढायांत आहे.

आणि किरारेयाकू. शब्दशः ‘कापल्या जाणाऱ्याची भूमिका’. नायकाची तलवार ज्यांच्या अंगावरून जाते ते सगळे. आपण याला मराठीत ‘वार झेलणारा नट’ म्हणू. या लेखात पुढे तेच म्हणतो.

मोठ्या खोलीतला पंधरा वर्षांचा मुलगा

क्योतोच्या पश्चिमेला उझुमासा नावाचा भाग आहे. तिथल्या कोर्यूजी या जुन्या देवळाच्या महाद्वारासमोरून आजही एका डब्याची ट्राम खडखडत जाते. एकेकाळी या भागात तोएइ, दाइएइ, शोचिकू अशा बड्या कंपन्यांचे स्टुडिओ एकमेकांच्या हाकेवर होते. जपानचं हॉलिवूड म्हणायचे त्याला.

फुकुमोतोंचा जन्म ३ फेब्रुवारी १९४३ चा, ह्योगो प्रांतातल्या कासुमीचा. जपानच्या समुद्रकाठचं मासेमारीचं गाव. शाळा संपली आणि पंधराव्या वर्षी ते तोएइच्या क्योतो स्टुडिओत दाखल झाले. त्यांना मिळाली ती ‘ओबेया’तली जागा. ओबेया म्हणजे मोठी खोली. हा शब्द अगदी सरळ अर्थाने घ्यायचा. नायक-नायिकांना स्वतंत्र खोल्या, आणि बाकी साऱ्यांना मिळून एक मोठा रंगपट. तिथं शेकडो माणसं टोप चढवायची, किमोनो बांधायची, आणि आज कुणाची कशात वर्णी लागते त्याची वाट बघायची. वाटसरू, पालखीचे भोई, पहारेकरी, प्रेतं. आपल्या संगीत नाटकांच्या भाषेत भालदार-चोपदाराची कामं.

ही माणसं रोजंदारीवर दारातून गोळा केलेली नव्हती, त्यांचं नाव स्टुडिओच्या दप्तरी होतं. आपल्याकडची याला जवळची गोष्ट म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. १९२९ ला कोल्हापुरात निघालेली, १९३३ ला पुण्यात आलेली प्रभातही नट, चित्रकार, सुतार, रंगारी सगळ्यांना महिन्याच्या पगारावर ठेवायची. जपानमध्ये हीच पद्धत कारखान्याच्या प्रमाणात चालली.

आणि तो कारखाना केवढा होता बघा. १९५८ या एका वर्षात जपानमध्ये सुमारे ११२ कोटी ७० लाख तिकिटं विकली गेली. लोकसंख्या तेव्हा सव्वानऊ कोटींच्या आतबाहेर. म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही मुलं धरून दरमाणशी वर्षाला बारा चित्रपट. दर आठवड्याला नवे चित्रपट, तेही एका तिकिटात दोन. अशा वेळी तलवारीने पडायला रोज ताजी माणसं लागायची. फुकुमोतो आले ते नेमके या भरतीच्या दिवसांत.

वार कोण करतो?

आता मुद्द्याची गोष्ट, आणि इथं थोडं थांबू या.

नायकाच्या हातातली तलवार लोखंडाची नसते. बांबूच्या पात्यावर चंदेरी वर्ख चिकटवलेला असतो. त्याला ताकेमित्सू म्हणतात. हलकी, बोथट. ती कुणाच्या अंगाला लागत नाही, लागायलाच नको असते. ती समोरच्याच्या छातीपुढून वीतभर अंतरावरून निघून जाते, आणि कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की ते वीतभर अंतर दिसू नये. सपकन् आवाज येतो तो नंतर भरलेला. टीव्हीवर तर रक्तही नसायचं.

मग प्रेक्षकाला वार बसल्याचं कळतं कशावरून? तलवार खोटी, अंतर खोटं, आवाज उसना. शिल्लक राहतं ते एकच: समोरच्या माणसाचं अंग.

घरी करून बघा. कुणाच्या तरी हातात वर्तमानपत्राची गुंडाळी द्या, आपल्यापासून वीतभर लांबून जोरात फिरवायला सांगा, आणि वार लागल्यासारखं पडा. फोनवर त्याचं चित्रण करा. पहिल्या दहा वेळा हमखास एक गोष्ट दिसेल. गुंडाळी पोचायच्या आधीच तुम्ही कोसळायला लागलेले असाल, कारण वार येणार हे तुम्हाला माहीत आहे. उशीर केलात तर पाहणाऱ्याला वाटेल लागलंच नाही, हा उगीच पडला. या दोहोंच्या मधली जागा पापणी लवण्याइतकी आहे. त्यात हातातली तलवार शेजाऱ्याला लागू द्यायची नाही, टोप सुटू द्यायचा नाही, आणि खाली गादी नसते. चटईची जमीन, अंगणातली खडी, जिन्याच्या पायऱ्या, कधी पाणी.

मराठी माणसाला हे तबल्याच्या साथीवरून चटकन कळेल. गवयाने सम घेतली आणि साथीदाराने ती नेमकी तिथंच दिली नाही तर गवयाची समच पडत नाही. टाळी गवयाला मिळते. ती टाळी शक्य झाली कुणामुळे, हे मैफलीतल्या जाणकारांना ठाऊक असतं. तातेच्या धंद्यातल्या लोकांनाही ठाऊक होतं. नायकाची तलवार धारदार आहे की नाही, ते वार झेलणारा ठरवतो.

कोळंबीचा बाक

फुकुमोतोंची ओळख ठरली ती एका विशिष्ट पडण्याने. वार लागला की ते पुढे कोसळत नसत. अंग मागच्या मागे कमानीसारखं वाकायचं, मान इतकी मागे की चेहरा उलटा व्हायचा, हात हवेत काहीतरी धरू बघायचे, आणि त्या अवघड बाकात क्षणभर सगळं थांबायचं. मग धाडकन् खाली. कोळंबी शिजताना वाकते तसा हा बाक, म्हणून त्याला ‘एबिझोरी’ म्हणतात. एबि म्हणजे कोळंबी.

हे आलं कुठून? नायक बहुधा कॅमेऱ्याकडे तोंड करून असतो. त्याच्यावर धावून जाणाऱ्याची त्यामुळे कॅमेऱ्याला पाठ. तो पुढे पडला तर चेहरा जमिनीत, दिसला कुणाला? पण मागे वाकला तर मरतानाचा तो एक क्षण चेहरा उलटा का होईना, कॅमेऱ्यासमोर येतो. मोठ्या खोलीतल्या शेकडो माणसांत एक चेहरा दिसायचा असेल तर जागा तेवढीच आहे, मरणाच्या क्षणाची. फुकुमोतोंनी ती शोधली आणि घासून घासून इतकी पक्की केली की पुढे साठी उलटल्यावरही तो बाक तसाच येत असे.

मी त्यांचं असं एक पडणं पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं आहे. पहिल्यांदा दिसतो तो फक्त बाक. तिसऱ्या-चौथ्यांदा डोळे दिसू लागतात. वार बसल्यानंतर ते वार करणाऱ्याकडे बघतच नाहीत. नजर वर, कुठंतरी दूर लागलेली असते, आणि त्या माणसाला आत्ता कळलंय की आपण संपलो. मग तलवारीची मूठ सुटते, एकेक बोट उलगडत. चार सेकंदांचा ऐवज आहे हा. ज्याला नाव नाही, संवाद नाही, त्या गुंडाला मरताना एक आयुष्य मिळून जातं.

पण सगळे एकदम का धावून येत नाहीत?

सामुराईपट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न येतो. वीस जणांनी घेरलंय, मग एकेकाने जाऊन मरायची हौस का?

उत्तर तातेच्या रचनेत आहे. मधला लढवय्या तो ‘शिन’, म्हणजे गाभा. भोवतालचे ते ‘कारामी’, म्हणजे गुंतणारे, वेटाळणारे. वेलीने झाडाला वेढावं तसं. या वेटाळणाऱ्यांचं काम नुसतं मरण्याचं नसतं. एकजण वार घेत असताना बाकीच्यांनी सरकत राहायचं, एक पाऊल पुढे, अर्धं मागे, तलवारीची टोकं उचलून धमकावत राहायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हे कुठल्याही क्षणी तुटून पडतील. कुणी स्वस्थ उभा राहिला की सगळा डोलारा कोसळतो. लेझमीत एकाचा हात चुकला की डोळा नेमका तिथंच जातो, तसं.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. मधल्या नटाला पुढचा वार कुठं करायचा हे घाईत आठवत नसलं, तर जाणता वार झेलणारा त्याला स्वतःच्या चालीतून सुचवतो. तो आपल्या पवित्र्यानेच सांगतो, आता इकडे वळा. पाय घसरला तर सावरायला वेळ काढून देतो. नवखा नायक तरबेज दिसतो तो पुष्कळदा अशा आठ-दहा अनुभवी माणसांच्या जिवावर. दहीहंडीत वर चढलेल्या पोराला सगळे बघतात, पण खालच्या थराने खांदा हलवला तर काय होतं ते ज्यांनी लावलेत थर त्यांना विचारावं.

चित्रपट आटला, टीव्हीने तारलं

भरती फार दिवस टिकली नाही. घरोघरी टीव्ही आला. १९५८ ला ११२ कोटींवर असलेली तिकिटं १९७२ मध्ये २० कोटींच्याही खाली होती. शिवाय दिग्दर्शक कुरोसावा अकिरांच्या १९६१-६२ च्या सामुराईपटांनी तलवारबाजीला रांगडा खरेपणा आणला, आणि तोएइची नाचासारखी देखणी लढाई एकाएकी जुनाट दिसू लागली. १९७१ ला दाइएइचं दिवाळं वाजलं. तोएइ गुन्हेगारी टोळ्यांच्या चित्रपटांकडे वळली. तिथं तलवारीऐवजी पिस्तूल असे, पण मरणारी माणसं तीच. फुकुमोतो तिथंही मरत राहिले. याच मोठ्या खोलीतले कावातानी ताकुझो त्या चित्रपटांतून नावारूपाला आले. फुकुमोतो खोलीतच राहिले.

ज्या टीव्हीने धंदा बुडवला, त्यानेच मग या लोकांना वीस-तीस वर्षं काम पुरवलं. ‘मितो कोमोन’ ही मालिका १९६९ ला सुरू झाली ती नेमाने २०११ च्या डिसेंबरपर्यंत, १,२२७ भाग. एदो काळातल्या राज्यकर्त्या तोकुगावा घराण्यातला एक थोर म्हातारा साध्या व्यापाऱ्याच्या वेषात देशभर फिरतो, अन्याय दिसला की हस्तक्षेप करतो. शेवटी मारामारी, आणि ऐन वेळी त्याचा नोकर घराण्याचं चिन्ह असलेली छोटी डबी उंच धरतो. क्षणात सगळे दुष्ट जमिनीला कपाळ टेकतात. दर आठवड्याला, जवळजवळ त्याच मिनिटाला. लोक ठरलेला शेवट बघायलाच बसत. कीर्तनात पुढे काय होणार हे ठाऊक असूनही आपण बसतो, तसं ते होतं.

दुसरी ‘आबारेन्बो शोगुन’, १९७८ पासूनची. मात्सुदाइरा केन यांचा शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, रात्री वेष पालटून गावात हिंडतो. शेवटच्या लढाईत तो तलवार फिरवून घेतो, पात्याची बोथट बाजू पुढे, आणि त्या फिरवण्याचा एक खणखणीत आवाज. जपानी माणसाच्या कानात तो आवाज कायमचा बसला आहे.

या मालिकांमध्ये खलनायकाचा एक ठरलेला आधार असायचा, पैसे देऊन ठेवलेला तलवारबहाद्दर. मालकाची सगळी माणसं हरली की तो मागे वळून म्हणणार, “सेन्सेइ, आता तुम्हीच बघा.” सेन्सेइ म्हणजे गुरुजी. सरकत्या दाराआडून दारूचा पेला ठेवून एक हडकुळा, थकल्या डोळ्यांचा माणूस उठायचा. अनेकदा तो फुकुमोतो असत. मला या भूमिकेबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो, कारण त्या उठण्यात एक अख्खी हकीकत असते: कधीकाळी धन्याची चाकरी केलेला, आता धनी नाही, विद्या पोटासाठी विकलेला. हे काहीही संवादांत सांगितलेलं नसतं.

पन्नास हजार हा आकडा खरा मानायचा का?

शंका रास्त आहे, तेव्हा हिशोब करू. पंचावन्न वर्षं धरली तर वर्षाला नऊशेच्या वर, म्हणजे सुट्ट्या न घेता रोज अडीच मरणं. वही ठेवून कुणी मोजलेली नाहीत. हा अंदाज आहे, आणि अंदाजानेच घ्यावा.

पण तो अगदीच हवेतला नाही. एकाच स्टुडिओत एकाच दिवशी दोन-तीन मालिकांचं चित्रण चालायचं. सकाळी एकीकडे मरायचं, टोप बदलून दुपारी दुसरीकडे. एकाच लढाईत एकच माणूस दोनदा मरणंही रोजचं होतं. डाव्या बाजूने वार खाऊन चौकटीबाहेर पडायचं, कॅमेऱ्याच्या मागून वाकून पळत जायचं, आणि उजवीकडून नव्या गुंडाच्या आवेशात पुन्हा धावून यायचं. यात तालमी आणि फिरून घेतलेले शॉट धरले, तर मोठ्या आकड्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

याला अभिनय म्हणायचं की कसरत?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पडणं ही शरीराची करामत आहे, सर्कशीतला कसरतपटूही पडतो, मग नट कशावरून?

फरक असा, की कसरतपटूच्या पडण्यात आपण त्याचं कौशल्य बघतो. वार झेलणाऱ्याचं कौशल्य आपल्या लक्षात आलं तर त्याचं काम फसलं. आपल्याला दिसायला हवा तो नायकाचा पराक्रम. स्वतः नजरेत भरायचं आणि तरी नायकाच्या वाटेत यायचं नाही, ही फार नाजूक तडजोड आहे, आणि फुकुमोतोंचं मोठेपण तिथंच आहे. एबिझोरी लक्ष वेधून घेतो, पण घेतो तो वार होऊन गेल्यावर. नायकाच्या तलवारीची चमक संपते तिथून तो सुरू होतो, आणि त्या वाराचं वजन वाढवून संपतो. जराही आधी सुरू झाला असता तर त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर कुणी बोलावलं नसतं.

२००३ चा हॉलिवूडचा ‘द लास्ट सामुराई’ बऱ्याच मराठी वाचकांनी पाहिला असेल. त्यात टॉम क्रूझवर पहारा ठेवणारा एक अबोल म्हातारा सामुराई आहे. क्रूझचा कॅप्टन त्याला आपल्या मनाने ‘बॉब’ म्हणतो, तो उत्तर देत नाही, फक्त चार पावलं मागून चालत राहतो. ते फुकुमोतो. जवळजवळ सगळा चित्रपट ते शब्दाशिवाय काढतात, आणि तरी शेवटी त्याच कॅप्टनला वाचवताना ते पडतात तेव्हा घशाशी येतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं न बोलता उभं राहायची सवय असलेला माणूसच ते करू जाणे. गंमत म्हणजे याच वर्षी ते साठ वर्षांचे होऊन नियमाप्रमाणे स्टुडिओतून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतरही काम चालूच राहिलं.

मग त्यांच्यावर अन्याय झाला का?

माझ्या मते त्या व्यवस्थेत अन्याय होताच, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. मोठ्या खोलीतून बाहेर पडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कितीतरी चित्रपटांच्या नामावलीत या लोकांची नावंच नाहीत. जखमा होत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडायला यावं लागे.

पण त्या खोलीत आणखी एक गोष्ट होत होती. पंधरा वर्षांच्या पोराला टोप कसा बांधायचा, किमोनोची दशी पायात कशी येऊ द्यायची नाही, कमरेला तलवार खोवून जमिनीवर कसं बसायचं, हे शेजारचा जुना माणूस न सांगता शिकवत होता. हे कुठल्या वर्गात शिकवता येत नाही. रोजचं काम हीच शाळा. त्यामुळे काम थांबलं की शाळाही बंद.

नेमकं तेच झालं. जुन्या काळातली मालिका काढायची तर टोप, पोशाख, घोडे, विजेचे खांब नसलेले रस्ते, सगळ्याला पैसा लागतो. बघणारा वर्ग म्हातारा, जाहिरातदाराला हवा तरुण. एकेक मालिका बंद होत गेली. २०११ च्या १९ डिसेंबरला ‘मितो कोमोन’चा शेवटचा भाग दाखवला आणि खासगी वाहिन्यांवरची दर आठवड्याची जुनी परंपरा तिथं थांबली. मोठ्या खोलीतल्या लोकांकडे हात होते, हातांना काम नव्हतं.

एकदाच मधोमध

अशा दिवसांत, २०१४ ला, ओचिआइ केन या तरुण दिग्दर्शकाने ‘उझुमासा लाइमलाइट’ काढला. म्हातारा वार झेलणारा नट, त्याची बंद पडलेली मालिका, आणि त्याच्याकडून तलवार शिकायला आलेली एक मुलगी. म्हाताऱ्याच्या भूमिकेत फुकुमोतो, वय ७१. पंचावन्न वर्षांच्या कारकिर्दीतली पहिली प्रमुख भूमिका. त्याच वर्षी माँट्रियलच्या फँटेजिया महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

मला त्यात सर्वात भावतो तो त्यांचा सकाळचा सराव. मोकळी जागा, हातात लाकडी तलवार, आणि एकटा म्हातारा पवित्र्यांची तीच तीच उजळणी करतोय. समोर नायक नाही, कॅमेरा आहे असं तो मानत नाही. चित्रपटातला प्रसंग आहे हे खरं, पण ती पाठ, ते गुडघे दिग्दर्शकाला बसवता येणार नाहीत.

विद्या उरते कुणाकडे?

२०२४ च्या सप्टेंबरात ‘शोगुन’ या अमेरिकन मालिकेने एमी पुरस्कारांत १८ बक्षिसं घेऊन विक्रम केला. तिचं चित्रण कॅनडात झालं. प्रमुख नट आणि निर्माते सानादा हिरोयुकी यांनी आग्रह धरून टोप, पोशाख, चालणं-बसणं, तलवार यांची जाणकार माणसं जपानहून नेली. म्हणजे ज्या विद्येला मायदेशातल्या वाहिन्यांनी परवडत नाही म्हणून बाजूला सारलं, तिला परदेशी पैशाने मान मिळाला. आनंदाची गोष्ट आहे, पण अशी मोठी मालिका काही वर्षांतून एकदा होते. रोज सकाळी खोलीत येऊन टोप बांधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची सोय त्यातून होत नाही.

‘सामुराई टाइम स्लिपर’ करणाऱ्या यासुदांना म्हणूनच क्योतोच्या स्टुडिओतच चित्रपट करायचा होता. तोएइचा स्टुडिओ उन्हाळ्यात रिकामा असतो त्या दिवसांत, तिथल्या जुन्या कारागिरांच्या मदतीने त्यांनी तो केला. त्यात सेकिमोतो नावाचे तातेचे एक वयस्क शिक्षक आहेत. भूतकाळातून आलेला तो खरा सामुराई यांच्याकडेच शिकायला येतो, आणि त्याला पहिला धडा मिळतो तो हरण्याचा, कारण खऱ्या योद्ध्याचा हात सवयीने जिंकायलाच जातो. ही शिक्षकाची भूमिका यासुदांनी फुकुमोतोंसाठी लिहिली होती.

१ जानेवारी २०२१ ला, ७७ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या कर्करोगाने फुकुमोतो क्योतोतल्या आपल्या घरी गेले. पडद्यावर ती भूमिका केली मिने रांतारो यांनी. तेही तोएइच्या क्योतो स्टुडिओतले, तेही दशकानुदशकं वार झेलत आलेले, आणि ‘उझुमासा लाइमलाइट’मध्ये फुकुमोतोंसोबत उभे राहिलेले. तालमीच्या प्रसंगात ते त्या सामुराईसमोर लाकडी तलवार घेऊन उभे राहतात, आणि वार अंगावर घ्यायचा कसा, ते करून दाखवतात.